एकवीस वेळा तोच स्वरमेळ

१९४९ च्या ऑगस्टमध्ये पोलंडच्या पश्चिम टोकाला, वागूव नावाच्या तळ्याकाठच्या गावात देशातल्या संगीतकारांची परिषद भरली. गाव सुट्टीत जावं असं, पण जमलेल्यांच्या मनात धाकधूक होती. संस्कृती खात्याचे उपमंत्री व्वोद्झिमिएश सोकोर्स्की यांनी तिथं सरकारचं धोरण स्पष्ट केलं. यापुढे संगीत सामान्य कष्टकऱ्याला कळलं पाहिजे. चाल गुणगुणता आली पाहिजे, ती लोकगीतांच्या मातीतली असावी आणि ऐकणाऱ्याच्या मनात उद्याविषयी उमेद जागली पाहिजे. ज्या रचनेत हे नसेल ती ‘रूपवादी’, म्हणजे जनतेकडे पाठ फिरवणारी.

हा शिक्का मॉस्कोत तयार झाला होता. १९४८ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत पक्षानं ठराव करून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह अशा दिग्गजांना याच शब्दानं फटकारलं होतं. आता पोलंडची पाळी होती. वागूवच्या परिषदेला महिना उलटला तोच वॉर्सातल्या शोपँ पियानो स्पर्धेच्या निमित्तानं वितोल्द लुतोस्वाव्स्की यांची पहिली सिंफनी वाजली आणि रशियन परीक्षक उठून बाहेर गेले. अशा संगीतकाराला ट्रामखाली ढकललं पाहिजे, असं सोकोर्स्की त्या दिवशी म्हणाल्याची आठवण लुतोस्वाव्स्की पुढे सांगत. सिंफनीवर बंदी आली. लुतोस्वाव्स्कींनी मग लोकगीतांच्या चालींवर काम करायला घेतलं आणि त्यातूनच १९५४ साली ‘वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्तो’ ही अस्सल कलाकृती जन्माला आली. सक्तीच्या काळातही चांगलं काम होतं, याचा हा पुरावा आहे. पण त्या आधारे सक्तीला श्रेय देऊ नये. त्याच वर्षी आंद्जेइ पानुफनिक देश सोडून इंग्लंडला गेले आणि पोलंडमध्ये त्यांचं संगीत वाजणं बंद झालं.

या चार-पाच वर्षांत जे बिघडलं ते पुढची पंचवीस वर्षं निस्तरावं लागलं, असं मला वाटतं. संगीतातली सगळ्यात साधी, सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे चाल. आईच्या तोंडून मुलाकडे येते ती. तीच सरकारी परिपत्रकात जाऊन बसली. त्या पिढीच्या तरुणाला सुरेल चाल ऐकली की अधिकारी आठवू लागला आणि कानाला खुपणारा, विसंवादी स्वरपुंज ऐकला की मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटू लागलं. पाश्चात्त्य जगात नवं विरुद्ध जुनं हा वाद कलेच्या आवारातला होता. पोलंडमध्ये मात्र जुन्याच्या बाजूनं पोलीस उभे होते, त्यामुळे नव्याला आपोआप नैतिक बळ मिळालं.

१९५३ मध्ये स्टालिन गेला आणि हळूहळू बर्फ वितळू लागलं. तादेउश बायर्ड आणि काझिमिएश सेरोत्स्की या दोन संगीतकारांनी आधुनिक संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवण्याची कल्पना मांडली. ‘वॉर्सा ऑटम’ या नावानं तो १० ऑक्टोबर १९५६ ला सुरू झाला. श्योनबर्ग, स्ट्राविन्स्की, बार्तोक ही नावं, ज्यांचा उच्चारही काल-परवापर्यंत जपून करावा लागे, ती कार्यक्रमपत्रिकेवर छापून आली. महोत्सव चालू असतानाच शहरात राजकीय उलथापालथ सुरू होती. १९ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चोव्ह विमानानं वॉर्सात उतरले, सोव्हिएत रणगाडे राजधानीच्या दिशेनं निघाले. बोलणी होऊन ते थांबले आणि २१ ऑक्टोबरला व्वादिस्वाव गोमुल्का पक्षाचे प्रमुख झाले. महोत्सवाचा शेवटचा दिवसही तोच. महोत्सवाला पैसा सरकारचाच होता. शब्द नसलेल्या संगीतापासून सत्तेला फारसा धोका नव्हता आणि जगाला आपली उदारता दाखवायला ते सोयीचं होतं. कारण काहीही असो, पोलादी पडद्याच्या आत ही एक खिडकी उघडी राहिली.

त्या खिडकीतून आलेला वारा छातीत भरून घेणाऱ्यांत दोन तरुण होते, दोघांचा जन्म १९३३ सालचा, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतरानं. एक क्षिश्तोफ पेंडेरेत्स्की, दुसरे हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की.

पेंडेरेत्स्कींनी १९५९ मध्ये संगीतकार संघाच्या स्पर्धेला तीन रचना निनावी पाठवल्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एक डाव्या हातानं लिहिली होती, असं सांगतात. निकालात पहिलं बक्षीस आणि दोन्ही दुसरी बक्षिसं त्यांनाच मिळाली. पुढच्याच वर्षी ५२ तंतुवाद्यांसाठी त्यांनी जी रचना केली तिचं मूळ नाव तिच्या कालावधीवरून ‘८ मिनिटे ३७ सेकंद’ असं होतं. हिरोशिमाच्या बळींना ती नंतर अर्पण केली गेली आणि त्याच नावानं जगभर गेली. तिच्या स्वरलेखनात नेहमीच्या टिपांऐवजी जाड काळे पट्टे आहेत, त्रिकोण आहेत. त्रिकोणाचा अर्थ, या वाद्यावर निघेल तेवढा उंच स्वर काढा, तो कोणता याची फिकीर नको. वादक घोडीच्या मागच्या तारा छेडतात, वाद्याच्या लाकडावर बोटांनी आघात करतात. स्वरांच्या जागी नाद, चालीच्या जागी नादाचा पोत. या प्रवाहाला पोलंडमध्ये ‘सोनोरिझम’ म्हणू लागले आणि बघता बघता पोलिश संगीत युरोपच्या अग्रभागी जाऊन बसलं.

गुरेत्स्कींची वाट जास्त खडतर होती. शिलेशियातल्या चेर्नित्सा या खेड्यातला जन्म. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. दोन वर्षांचे झाले त्या वाढदिवशीच आई गेली. लहानपणी खेळताना पडून खुब्याचं हाड निखळलं. वेळेवर निदान झालं नाही, मग क्षय, शस्त्रक्रिया, आणि जन्मभराचं अधू शरीर. आईचा पियानो घरात होता, पण त्याला हात लावायला घरच्यांचा विरोध. काही काळ खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवून ते काटोवित्सेच्या संगीत विद्यालयात दाखल झाले तेव्हा बाविशीच्या घरात होते. गुरू बोलेस्वाव शाबेल्स्की हे थोर पोलिश संगीतकार कारोल शिमानोव्स्की यांचे शिष्य, म्हणजे परंपरा तशी घराण्याचीच. पण १९६० च्या वॉर्सा ऑटममध्ये गुरेत्स्कींची ‘स्कोंत्री’ वाजली तेव्हा सभागृह हादरलं. नावाचा अर्थच टकरी. प्रचंड वाद्यवृंद, तालवाद्यांचा ताफा, कोणत्या वादकानं रंगमंचावर कुठं बसायचं याचाही आराखडा संगीतकारानं आखून दिलेला, आणि एकमेकांवर आदळणारे नादाचे ढिगारे. पोलिश अवाँ-गार्दमधला सगळ्यात कडवा तरुण अशी त्यांची ओळख झाली.

याच सुमाराला पश्चिम युरोपातल्या नव्या संगीतालाही नियमांचा काच बसू लागला होता. बाराही स्वर आधी ठरवलेल्या क्रमात बसवणाऱ्या बारा-स्वरी पद्धतीची गरज ज्याला भासत नाही तो संगीतकार आजच्या काळाला निरुपयोगी, असं पिएर बुलेझ यांनी १९५२ मध्येच लिहून टाकलं होतं. बुलेझ फार मोठे संगीतकार, त्यांच्या कानाला तोड नव्हती. पण या विधानातला सूर मला वागूवच्या परिषदेतल्या सुरासारखाच वाटतो. हुकूम उलट दिशेचा, एवढंच. शिक्षा अर्थातच वेगळी: तिथं बंदी यायची, इथं महोत्सवाचं निमंत्रण यायचं नाही.

गुरेत्स्कींनी कुठल्याही गटाशी भांडण काढलं नाही. ते फक्त हळू होत गेले. १९६५ च्या ‘रेफ्रेन’मध्ये तेच जाड, खरखरीत स्वरपुंज आहेत, पण आता ते जवळजवळ हलतच नाहीत, एक-एक स्वरमेळ थांबून श्वास घेतो. १९६९ च्या ‘जुनं पोलिश संगीत’ या रचनेत मध्ययुगीन धार्मिक गायनाचा एक तुकडा आणि सोळाव्या शतकातलं एक स्तोत्र ते वाद्यवृंदातून मोठमोठ्या दगडी चिऱ्यांसारखे रचतात. १९७२ ची दुसरी सिंफनी कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीसाठी होती. तिच्या पहिल्या भागात वाद्यवृंद घणाघात करत राहतो आणि शेवट मात्र दूरवर पसरलेल्या शांत स्वरमेळावर होतो. हे सगळं क्रमानं ऐकलं तर पुढचं पाऊल कुठं पडणार हे कळतं. पण १९७० च्या दशकात कुणी क्रमानं ऐकत नव्हतं, त्यामुळे ते पाऊल पडलं तेव्हा अनेकांना ते थेट मागे पडल्यासारखं वाटलं.

पश्चिम जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या रेडिओनं त्यांच्याकडे नवी रचना मागितली. १९७६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत काटोवित्सेमध्ये त्यांनी तिसरी सिंफनी लिहून पूर्ण केली. उपनाव ‘शोकगीतांची सिंफनी’. एक सोप्रानो गायिका आणि वाद्यवृंद. त्यातून ओबो, ट्रम्पेट आणि सगळी तालवाद्यं वगळलेली. तीन भाग, तिन्ही संथ. एकूण वेळ पाऊण तासाहून बराच जास्त. तिन्ही गीतांत एक आई आणि तिचं मूल आहे.

दुसऱ्या भागाची कथा आधी सांगतो. तात्रा पर्वताच्या पायथ्याशी झाकोपाने हे गिरिस्थान आहे. युद्धात तिथल्या ‘पॅलेस’ नावाच्या इमारतीत गेस्टापोनं मुख्यालय थाटलं आणि तळघरात कोठड्या केल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या कोठडीच्या भिंतीवर हेलेना वांदा ब्वाझुशाकुव्ना या मुलीनं चार ओळी कोरल्या: आईला रडू नकोस म्हणणारी, मेरीमातेची करुणा भाकणारी एक छोटी प्रार्थना. खाली नाव, वय १८ वर्षं, आणि सप्टेंबर १९४४ पासून इथं कैदेत असल्याची नोंद. त्या तळघराच्या भिंतींवर इतरांनीही बरंच लिहिलं होतं. कुणी निर्दोष असल्याचं ओरडून सांगत होतं, कुणी सूड मागत होतं. ही मुलगी ना स्वतःसाठी रडते, ना कुणाला शाप देते; तिला काळजी आहे ती आईची. यानंच आपण हेलावून गेलो, असं गुरेत्स्की सांगत. ते स्वतः युद्धात वाढले होते. युद्ध संपल्यावर शाळकरी वयात ऑशविट्झला नेलं तेव्हा पायवाटेवर माणसांच्या हाडांचा चुरा पाहिल्याची आठवण त्यांनी पुढे कॅमेऱ्यासमोर सांगितली आहे. त्या नरकाविषयी ‘स्कोंत्री’च्या भाषेत लिहिणं त्यांना सहज जमलं असतं आणि त्याचं कौतुकही झालं असतं. त्यांनी मुलीची प्रार्थना प्रार्थनेसारखीच गायला लावली.

पहिला भाग मात्र रचनेच्या दृष्टीनं या सिंफनीचा कणा आहे आणि तिथं थोडं रेंगाळायला हवं. त्याची चाल कुर्पिये भागातल्या एका धार्मिक लोकगीतावरून आणि एका जुन्या चर्चगीतावरून घडवलेली आहे. कुर्पियेची गाणी गोळा करणारे धर्मगुरू व्वादिस्वाव स्कियेरकोव्स्की १९४१ मध्ये जर्मन छळछावणीत मरण पावले. ही २४ मात्राखंडांची चाल आधी एकटे डबल बास वाजवतात, इतक्या खालच्या पट्टीत आणि इतक्या हळू की सुरुवातीला चाल आहे हेच ध्यानात येत नाही. स्वर आपल्या आसावरी थाटाचे: गंधार, धैवत, निषाद कोमल. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि त्याच वेळी डबल बासांचाच दुसरा गट एका मात्राखंडाच्या अंतरानं तीच चाल पंचमापासून धरतो. मग तिसरा आवाज त्याच्याही पंचमापासून. स्वर मात्र मूळचेच सात, एकही नवा स्वर येत नाही. म्हणजे प्रत्येक आवाज त्याच सप्तकाची वेगळी मूर्च्छना गातो. दुसरा आवाज आपला षड्ज पंचमावर मांडतो तेव्हा त्याच्या वाट्याला थेट भैरवीचे स्वर येतात. पंचमा-पंचमानं चढत सातही स्वर षड्ज होऊन जातात आणि आठवा आवाज पुन्हा मूळ षड्जावर, पण कितीतरी वरच्या सप्तकात, येऊन पोहोचतो. हे सगळं व्हायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. विलंबित ख्यालाची बढत ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला या धिमेपणाचं भय वाटत नाही. घाई न करता एकेक स्वर उजळत जाणं काय असतं हे आपण जाणतो.

आठ आवाजांचा तो गच्च डोह भरला की तो एका स्वरावर येऊन थांबतो आणि गायिका पहिल्यांदा गाते. शब्द पंधराव्या शतकातल्या विलापाचे: क्रुसाखाली उभी असलेली आई मुलाला म्हणते आहे, तुझ्या जखमांतला वाटा मला दे. तिचं गाणं शिगेला पोहोचतं त्या क्षणी तंतुवाद्यं पुन्हा आठही आवाजांत कोसळतात, आणि मग रचना आल्या वाटेनं, एकेक आवाज गळत, पुन्हा एकट्या डबल बासांकडे उतरते.

यात मागे जाणं कुठं आहे? चाल जुनी, सप्तक जुनं, एकामागून एक आवाजांनी तीच चाल गाण्याची कॅननची रीत तर कित्येक शतकांची. पण एकाच कल्पनेला धरून टोकापर्यंत जाणं, मध्ये कुठंही सजावट न करणं, ऐकणाऱ्याच्या सहनशक्तीची तमा न बाळगणं, हा ‘स्कोंत्री’ लिहिणाऱ्याचाच हट्ट आहे. १९६० मध्ये त्यानं नादाचे ढिगारे रचले, १९७६ मध्ये एका चालीच्या आठ सावल्यांचा तसाच ढिगारा रचला. आठ आवाज एकावर एक येतात तेव्हा चाल वेगळी ऐकू येत नाही. उरतो तो सात स्वरांतून विणलेला नादाचा पोत. हे कसब सोनोरिझमनंच शिकवलेलं. त्या काळच्या टीकाकारांना साधे स्वर दिसले आणि तिथंच त्यांनी कान मिटून घेतले, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

तिसऱ्या भागाची सुरुवात शोपँच्या एका माझुर्कामधल्या दोन स्वरमेळांच्या आंदोलनानं होते. त्यावर ओपोले भागातलं लोकगीत: उठावात मारलेल्या मुलाचं प्रेत शोधणारी म्हातारी आई. शिलेशियात १९१९ ते १९२१ दरम्यान जर्मन सत्तेविरुद्ध तीन उठाव झाले, गाण्यामागे तेच असावेत. शेवटी तो दुखरा सूर निवळून मेजर स्वरमेळात येतो आणि तो स्वरमेळ वाजतच राहतो.

४ एप्रिल १९७७. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं रुआयाँ. हे शहर १९४५ च्या जानेवारीत दोस्तांच्याच बॉम्बफेकीत जमीनदोस्त झालं होतं आणि नंतर काँक्रीटमध्ये नव्यानं उभं राहिलं. नव्या कलेचा महोत्सव भरवायला याहून योग्य जागा कुठली? त्या संध्याकाळी एर्नेस्ट बूर यांच्या संचालनाखाली, स्तेफानिया वोइतोविच यांच्या आवाजात तिसरी सिंफनी पहिल्यांदा सादर झाली. शेवटी तोच स्वरमेळ एकवीस वेळा येत राहिला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका नामवंत फ्रेंच संगीतकारानं मोठ्यानं शिवी हासडली, असं गुरेत्स्की सांगत. जर्मन समीक्षकांनी तर झोडपूनच काढलं. जवळपास तासभर तीन जुन्या गाण्यांचं चर्‍हाट वळण्यापलीकडे यात काही नाही, अवाँ-गार्दचा मोहरा वाया गेला, असा एकूण रोख होता. त्यांच्या संतापामागे एक खरी भीती होती, ती समजून घेतली पाहिजे. नाझींनी नव्या संगीताला ‘अवनत’ ठरवून संपवलं होतं, गोड सूर आणि भव्य स्वरमेळ प्रचारासाठी वापरले होते. युद्धानंतरच्या जर्मन पिढीला म्हणूनच सौंदर्यावर विश्वास ठेवणं अवघड जात होतं.

पण गुरेत्स्की त्या पिढीतल्या जर्मन माणसाच्या जागी उभे नव्हते. चाल त्यांच्याकडून दोनदा हिरावली गेली होती: एकदा पक्षानं ती सक्तीची केली म्हणून, आणि मग पक्षाचा राग म्हणून समविचारी मित्रांनी ती वर्ज्य मानली म्हणून. सरकारला हवी होती ती लोकगीतं हसऱ्या शेतमजुरांची, उत्पादन वाढवणारी. गुरेत्स्कींनी निवडली ती गाणी मेरीच्या विलापाची, गेस्टापोच्या कोठडीतली आणि मुलाचं प्रेत न सापडलेल्या बाईची. वागूवच्या परिषदेत त्यातलं एकही गाणं मंजूर झालं नसतं.

१९७७ या एकाच वर्षात इतर ठिकाणीही काहीतरी सरकत होतं. त्याच एप्रिलच्या अखेरीस बाझलमध्ये आयझॅक स्टर्न यांनी पेंडेरेत्स्कींचा व्हायोलिन कॉन्चेर्तो वाजवला, आणि काळ्या पट्ट्यांच्या त्या संगीतकारानं थेट एकोणिसाव्या शतकाशी नातं सांगितलेलं पाहून त्यांचे जुने चाहते अवाक झाले. सप्टेंबरअखेर सोव्हिएत एस्टोनियातल्या टालिनमध्ये आर्वो पेर्त यांची ‘ताबुला रासा’ वाजली. या तिघांनी मिळून काही ठरवलेलं नव्हतं आणि त्यांच्या वाटाही एकमेकींना मिळत नाहीत. पेंडेरेत्स्कींचं वळण मला बरंचसं मोठ्या परंपरेच्या दालनात मानाची जागा शोधण्यासारखं वाटतं. गुरेत्स्कींच्या रचनेत तसं दालन नाही, माजघर आहे.

सप्टेंबर १९७७ मध्ये सिंफनी वॉर्सा ऑटममध्ये आली. घरच्या श्रोत्यांतही मतं दुभंगली, पण इथल्या अनेकांना ती गाणी कुठून आली ते सांगावं लागलं नाही.

त्यानंतरची काही वर्षं गुरेत्स्कींनी या निवडीची किंमत मोजली. ते काटोवित्सेच्या विद्यालयाचे रेक्टर होते. क्राकोवचे कार्डिनल कारोल वोइतिवा यांनी त्यांना संत स्तानिस्वाव यांच्या नवशताब्दी स्मृतीसाठी रचना मागितली होती. ती पूर्ण होईपर्यंत कार्डिनल पोप जॉन पॉल दुसरे झाले होते. १९७९ च्या पोलंडभेटीत पोपना काटोवित्सेला येऊ द्यायला सरकारनं नकार दिला, तेव्हा गुरेत्स्कींनी रेक्टरपद सोडलं. जूनमध्ये क्राकोवला पोपसमोर ही रचना, ‘बेआतुस विर’, वाजली, संचालन त्यांनीच केलं. सरकारी वर्तुळानं त्यांना जवळपास वाळीत टाकलं. १९८१ च्या मार्चमध्ये बिडगोश्च शहरात सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण केली, त्यावर त्यांनी ‘मिझेरेरे’ लिहिली: वाद्यांशिवाय मोठा गायकवृंद, अर्ध्या तासाहून अधिक काळ, आणि शब्द अवघे पाच. देवाला हाक मारणारे तीन शब्द गायकवृंद आळवत राहतो. दयेची याचना करणारे उरलेले दोन अगदी शेवटी ऐकू येतात. डिसेंबरमध्ये लष्करी कायदा लागू झाला, १९८२ चा वॉर्सा ऑटमही भरला नाही. ‘मिझेरेरे’ १९८७ मध्ये व्वोत्स्वावेकला पहिल्यांदा गायली गेली. याच शहराजवळ तीन वर्षांपूर्वी सुरक्षा पोलिसांनी सॉलिडॅरिटीची बाजू घेणारे धर्मगुरू फादर पोपिएवुश्को यांचा मृतदेह नदीत फेकला होता.

तिसरी सिंफनी एवढ्या काळात अधूनमधून वाजत होती. १९८५ मध्ये मोरिस पियाला या फ्रेंच दिग्दर्शकानं तिचा एक भाग ‘पोलिस’ या चित्रपटाच्या अखेरीस वापरला आणि काही नवे कान तिच्याकडे वळले. मग लंडनमध्ये डेव्हिड झिनमन यांच्या संचालनाखाली, अमेरिकन सोप्रानो डॉन अपशॉ यांच्या आवाजात केलेलं ध्वनिमुद्रण नॉनसच कंपनीनं १९९२ मध्ये बाजारात आणलं. त्याच सप्टेंबरात ब्रिटनमध्ये क्लासिक एफएम ही नवी रेडिओवाहिनी सुरू झाली आणि दुसरा भाग वारंवार वाजवू लागली. १९९३ च्या सुरुवातीला ही सिंफनी ब्रिटनच्या अल्बम-यादीत, पॉप आणि रॉक गायकांच्या रांगेत, सहाव्या क्रमांकावर होती. विक्रीनं दहा लाखांचा आकडा ओलांडला. हयात संगीतकाराच्या सिंफनीच्या वाट्याला असं यश येण्याची कुणी कल्पनाही केली नव्हती.

यशानं नवे गैरसमज आणले. पेर्त आणि इंग्लंडचे जॉन टॅव्हनर यांच्यासोबत गुरेत्स्कींना ‘पवित्र मिनिमलिझम’ नावाच्या एका खणात टाकण्यात आलं. काहींनी हे संगीत म्हणजे दमलेल्या शहरी माणसाचा विसावा असल्याचं म्हणून नाक मुरडलं. ज्यूंच्या संहाराचं स्मारक म्हणूनही ती वाजू लागली. माझी सिंफनी युद्धावर नाही, आई आणि मुलाच्या नात्यावर आहे, असं गुरेत्स्की सांगत राहिले. गाडीत, स्वयंपाक करताना, आजारपणात लोकांनी ती ऐकली असेल, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. झाकोपानेच्या कोठडीतली मुलगी समीक्षकांसाठी लिहीत नव्हती.

दुसरी ‘तिसरी सिंफनी’ लिहून द्यायला जग तयारच होतं, रेकॉर्ड कंपन्या तर फारच. गुरेत्स्कींनी ती लिहिली नाही. अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटसाठी त्यांनी चार तंतुवाद्यांची तिसरी चौकडी १९९५ मध्ये पुरी केली आणि स्वतःजवळ ठेवून घेतली. वादकांच्या हाती ती तब्बल दहा वर्षांनी पडली. लंडनसाठी ठरलेली चौथी सिंफनी आजारपणामुळे लांबत गेली. १२ नोव्हेंबर २०१० ला काटोवित्सेमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा तिचा आराखडा तयार होता, पण वाद्यवृंदासाठीची मांडणी पूर्ण व्हायची होती. ती मुलगा मिकोवाय गुरेत्स्की यांनी, जे स्वतः संगीतकार आहेत, पूर्ण केली. एप्रिल २०१४ मध्ये लंडनच्या सभागृहात ती पहिल्यांदा वाजली. तिसऱ्या सिंफनीसारखा दिलासा मिळेल म्हणून आलेल्या श्रोत्यांच्या अंगावर सुरुवातीलाच पूर्ण वाद्यवृंदाचे, पुन्हा पुन्हा तेच, घणासारखे स्वरमेळ आदळले.